तीन इंच उंचीची किंमत



पहाटे भाजीबाजाराकडे जाणारी पिकअप तुम्ही पाहिलीच असेल. पुढे चालकाची केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्यात टोमॅटोच्या क्रेटची चळत. आपल्याकडे ही गाडी मुख्यतः माल वाहण्यासाठी. अमेरिकेत मात्र पिकअप ही घरगुती गाडीसुद्धा आहे. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला कारखान्यातच मागे हौदा बसवून ती विकायला काढली. तेव्हापासून तिथले शेतकरी, सुतार, गवंडी पिकअप वापरत आले, आणि आता तर शहरातला नोकरदारही ती हौसेने घेतो.

या हौसेचा एक प्रकार म्हणजे गाडी ‘उचलणे’. उचलणे म्हणजे पंक्चर काढण्यापुरती जॅकवर चढवणे नव्हे, तर गाडी कायमची उंच करणे. त्यासाठी तिथे ‘लिफ्ट किट’ नावाचा संच विकत मिळतो. एका खोक्यात लोखंडी ठोकळे, काही चकत्या, लांब बोल्ट आणि एक माहितीपत्रक. ज्याने आजवर स्टेपनीदेखील बदलली नाही असा माणूसही रविवारी सकाळी हे खोके घराच्या दारात उघडून कामाला लागतो. खडबडीत रस्त्यावर गाडीचे पोट घासू नये, मोठे टायर बसावेत आणि गाडी रुबाबदार दिसावी, एवढीच त्याची अपेक्षा असते.

समजा, अशाच एका नवशिक्याने तुम्हाला मदतीला बोलावले आहे. त्याला गाडी तीन इंच, म्हणजे सुमारे साडेसात सेंटिमीटर उंच करायची आहे. तो पाना घेऊन येईल, तुम्ही वही-पेन्सिल घेऊन जा. त्याच्या एका दिवसाच्या कामात तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील निदान पाच धडे दडलेले आहेत, आणि त्यातला एखादा विसरला तर जिवाशी गाठ आहे.

हिशोबासाठी आपण एक गाडी ठरवून घेऊ. तिचे वस्तुमान २,००० किलोग्रॅम. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर ३.६ मीटर. डाव्या आणि उजव्या चाकांतील अंतर १.७ मीटर. गाडी रिकामी असताना तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर उंचीवर. इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या चाकांवर १,१०० किलो आणि मागच्या चाकांवर ९०० किलो भार पडतो असे धरू.

पहिला धडा : दहा किलोच्या जोराने नऊशे किलो

गाडीचा मागचा भाग २० सेंटिमीटर वर घ्यायचा आहे. म्हणजे ९०० किलो भार उचलायचा. चार पैलवानांनाही हे जड जाईल, पण हायड्रॉलिक जॅक असेल तर शाळकरी मुलालाही जमते. ही करामत दोन साधनांची आहे.

पहिले साधन तरफ. जॅकचा दांडा ४० सेंटिमीटर लांब आहे आणि टेकूपासून लहान दट्ट्या ४ सेंटिमीटरवर जोडला आहे असे समजा. तुमचा जोर येथे दहा पट होतो. दुसरे साधन पास्कलचा नियम. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात दाखवून दिले. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ साली त्याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपल्या जॅकमध्ये लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ३ सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळे १ : ९ या प्रमाणात असतात. दाब सारखा, क्षेत्रफळ नऊ पट, म्हणून बलही नऊ पट. दहा गुणिले नऊ म्हणजे नव्वद. ९०० किलोसाठी तुम्हाला हवा फक्त १० किलो वजनाइतका जोर! घर्षणामुळे तो प्रत्यक्षात थोडा अधिक लागेल, इतकेच.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. बल नव्वद पट झाले, तर हाताला अंतरही नव्वद पट कापावे लागते. गाडी २० सेंटिमीटर वर येण्यासाठी दांड्याचे टोक एकूण १८ मीटर खाली दाबावे लागेल. एका वेळी ३० सेंटिमीटर दाबले, तर ६० वेळा. आता पडताळा पाहा : १० किलो गुणिले १८ मीटर म्हणजे १८०, आणि ९०० किलो गुणिले ०.२ मीटर म्हणजेही १८०. कार्य तेवढेच राहिले.

ही गोष्ट मनात पक्की धरा, कारण आजच्या पाठाचे सूत्रच ते आहे. एका ठिकाणी मिळवले, की दुसऱ्या ठिकाणी द्यावे लागते.

दुसरा धडा : उचलणे वेगळे, पेलून धरणे वेगळे

वर गेलेल्या ९०० किलोंना आता धरून कोण ठेवते? जॅकमधील तेल. आणि तेलाला कोण अडवते? एक रबरी वायसर, एक छोटी एकमार्गी झडप आणि बोटाने फिरणारा एक स्क्रू. वायसर फाटला, झडपेत कचरा अडकला किंवा जॅक जरासा तिरपा होऊन निसटला, तर गाडी खाली येते. २० सेंटिमीटर पडायला किती वेळ लागतो? मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे सूत्र वापरा. उत्तर येते ०.२ सेकंद. डोळ्यांनी पाहून, मेंदूने ओळखून, हात मागे घ्यायला सुरुवात करेपर्यंत माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे गाडी पडते आहे हे कळेपर्यंत ती पडलेली असते. ‘मी चटकन बाहेर येईन’ या म्हणण्याला काही अर्थ नाही.

म्हणून जगातल्या प्रत्येक चांगल्या गॅरेजचा पहिला नियम असा : जॅक उचलण्यासाठी आहे, पेलून धरण्यासाठी नाही. गाडी वर आली, की सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावायच्या आणि भार त्यांच्यावर टेकवायचा. घोडीचे पाय पसरलेले असतात आणि तिची दांडी लोखंडी दातात किंवा आरपार खिळीत अडकलेली असते. तेथे तेल नाही, वायसर नाही. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे मात्र घोडीच्या जागी कधीही वापरू नयेत. वीट सगळीकडून सारखा दाब सोसते, पण सांगाड्याच्या एका अरुंद कडेचा भार एकाच रेषेवर आला, की ती काही सूचना न देता फुटते.

घोडीवरही आंधळा विश्वास नको. २०२० साली अमेरिकेत एका विक्रेत्याला लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या होत्या, कारण भार सरकला तर त्यांतील काहींचे दात सुटून दांडी खाली येण्याचा धोका होता. म्हणूनच सावध कारागीर काढलेले चाक बाजूला न ठेवता सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवतो. घोडी दगा देईल तर चाक आहे. आधाराला दुसरा आधार हवाच.

आता गाडीच्या पुढच्या टोकाकडे या. नवशिका म्हणतो, “मी हँडब्रेक ओढला आहे, गाडी जाईल कुठे?” त्याला विचारा, हँडब्रेक कोणत्या चाकांना लागतो? बहुतेक पिकअपमध्ये तो फक्त मागच्या चाकांना लागतो, आणि मागची चाके तर हवेत आहेत! स्वयंचलित गिअरच्या गाडीत दांडा ‘पार्क’वर ठेवला तरी तीच गोष्ट. ‘पार्क’ इंजिनाकडून येणारा शाफ्ट अडवतो. पण मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असते. त्यामुळे मागचे एकच चाक उचलले, तर हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे सुलटे. म्हणजे गाडी सरकू शकते.

किती जोराने सरकेल? जमीन केवळ ३ अंश उतरती आहे असे धरा. एवढा उतार डोळ्याला जाणवतही नाही. साइन ३ अंश म्हणजे ०.०५२. दोन हजार किलोला गुणा. गाडीला उताराच्या दिशेने १०० किलोहून अधिक वजनाइतके बल ओढत असते. म्हणून काम सपाट, पक्क्या फरशीवरच करायचे आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून पाचरीच्या आकाराचे ठोकळे घट्ट लावायचे. मातीवर किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर घोडीचा पाय रुततो, तेथे हे काम करूच नये.

तिसरा धडा : ठोकळा बसतो कुठे?

पिकअपच्या मागच्या बाजूला कमानपाटे असतात. पोलादी पट्ट्यांची ही चळत दोन्ही टोकांना सांगाड्याला अडकवलेली असते. मध्यभागी ती अ‍ॅक्सलवर बसते आणि इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या बोल्टांनी आवळलेली असते. किटमधील तीन इंचांचा ठोकळा अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये जातो. पाटे वर गेले, म्हणजे त्यांच्यावर टेकलेला सांगाडा, केबिन, हौदा सगळे तीन इंच वर गेले. पुढच्या बाजूला बहुधा गुंडाळी स्प्रिंग असते. तिच्या माथ्यावर जाड चकती बसवून तेच साधतात.

काम असे चालते. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करतात, कारण हवेत चाक फिरते आणि नट निघत नाही. मग जॅक अ‍ॅक्सलच्या मध्याखाली लावून मागचा भाग उचलतात आणि सांगाड्याखाली घोड्या लावतात. चाके काढतात. शॉकॲब्झॉर्बरचे खालचे टोक सोडवतात. यू-बोल्ट काढतात आणि जॅकवर टेकलेला अ‍ॅक्सल हळूहळू खाली घेतात. याच वेळी एकाने ब्रेकच्या रबरी नळीवर नजर ठेवायची असते. सांगाड्याकडून अ‍ॅक्सलकडे जाणारी ही नळी ठरावीक लांबीची असते. ती ताणली गेली तर आतून चिरते. चीर दिसत नाही, पण पुढे कधीतरी पायाखालचा ब्रेक नाहीसा होतो. नळी लहान पडत असेल, तर लांब नळी किंवा खाली घेणारा पत्रा बसवल्याशिवाय पुढे जायचे नाही.

ठोकळा बसला, की नवे, लांब यू-बोल्ट लावायचे. जुने पुन्हा वापरत नाहीत, कारण एकदा पूर्ण ताणाने आवळलेला बोल्ट थोडा लांबलेला असतो आणि पुन्हा तितकी पकड देत नाही. चारही नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे, सारखे आवळायचे. किती आवळायचे हे मनगटावर सोडायचे नसते. माहितीपत्रकात आकडा दिलेला असतो आणि तो टॉर्क पान्यावर वाचायचा असतो. शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवल्यावर तेच नट पुन्हा तपासायचे.

एकावर एक दोन ठोकळे का रचत नाहीत, हा चांगला प्रश्न आहे. ब्रेक लागला, की रस्ता टायरला मागे ढकलतो आणि अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळला जाऊ पाहतो. त्याला अडवण्याचे काम पाट्यांचे. ठोकळा जितका उंच, तितकी पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामधील तरफ लांब, आणि तितके पाट्यांना वाकवणारे आघूर्ण मोठे. त्यात रचलेला जोड मध्येच सरकला, तर अ‍ॅक्सलच जागेवरून हलेल.

आणखी एक गोष्ट बदलली. इंजिनाकडून अ‍ॅक्सलकडे जाणारा लांब शाफ्ट आता अधिक तिरपा झाला. त्याच्या दोन्ही टोकांना जो सांधा असतो, त्याला आपल्याकडे गॅरेजात नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. या सांध्याचा एक जुना दोष आहे. तो वाकडा असला, की एक बाजू एकसारख्या वेगाने फिरली तरी दुसरी बाजू प्रत्येक फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होते. कोन ३ अंश असेल तर हा फरक हजारात एक-दोन इतकाच असतो, पण १० अंशांना तो शेकड्याला दीड होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. ते सारखे राहिले नाहीत, तर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर झिजतो.

चौथा धडा : तीन इंच खरोखर मिळाले का?

संध्याकाळ झाली. गाडी जमिनीवर उतरली. नवशिका खुशीत आहे. आता त्याला फूटपट्टी देऊन गाडीखाली डोकावायला सांगा. सांगाडा तीन इंच वर गेला आहे खरा. पण मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा? तो पूर्वी होता तेथेच आहे! कारण ठोकळा अ‍ॅक्सलच्या वर बसला आणि अ‍ॅक्सल तर चाकांच्या मध्यातून जातो. चाके बदलल्याशिवाय तो वर जाणार कसा? रस्त्यातला धोंडा जर त्या गोळ्याला लागत असेल, तर तो आजही लागेल.

म्हणून मोठे टायर आणतात. पूर्वीचा टायर ३१ इंच व्यासाचा होता, नवा ३३ इंचांचा. व्यास दोन इंच वाढला, तर अ‍ॅक्सल वर गेला फक्त एक इंच, म्हणजे वाढीच्या निम्मा. दिवसभराच्या कष्टाची खरी कमाई, निदान अ‍ॅक्सलखाली, एवढीच.

त्या एका इंचाचीही किंमत आहे. मोठा टायर एका फेरीत अधिक अंतर कापतो, आणि वेगमापक मात्र फेऱ्याच मोजतो. ३३ भागिले ३१ म्हणजे सुमारे १.०६५. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८५ च्या वेगाने धावत असेल.

पाचवा धडा : गुरुत्वमध्य

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडी एका बाजूवर कधी कलंडते? तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा चाकांच्या बाहेर गेला म्हणजे. डाव्या-उजव्या चाकांतील अंतराचा निम्मा भाग घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. येणाऱ्या संख्येला आपण स्थैर्य-गुणक म्हणू. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेचे शासकीय खाते २००१ सालच्या गाड्यांपासून याच संख्येवरून गाड्यांना एक ते पाच तारे देऊ लागले. २००४ पासून त्यात प्रत्यक्ष वळणाच्या चाचणीचीही भर पडली.

आपल्या गाडीचा गुणक ०.८५ भागिले ०.७०, म्हणजे १.२१. त्या पहिल्या मोजपट्टीवर हे तीन तारे झाले. आता ठोकळे घातले. अ‍ॅक्सल आणि चाके मिळून सुमारे ३०० किलो जागेवरच राहिले, उरलेले १,७०० किलो ७.५ सेंटिमीटर वर गेले. म्हणजे सबंध गाडीचा गुरुत्वमध्य सुमारे ६.४ सेंटिमीटर वर चढला. मोठ्या टायरमुळे सगळीच गाडी आणखी अडीच सेंटिमीटर वर गेली. नवी उंची ०.७९ मीटर. नवा गुणक १.०८. एक तारा गेला.

हौद्यात माल भरून पाहू. ५०० किलो माल, त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.२ मीटरवर. मूळ गाडीचा गुणक आता १.०६ होतो. उंच केलेल्या गाडीत मालही तितकाच वर चढतो, आणि गुणक ०.९५ पर्यंत खाली येतो. एकाहून कमी! म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा कमी बल बाजूने लागले, तरी ती उलटू शकते. हे सुद्धा गाडी दगडासारखी ताठ आहे असे धरून. खऱ्या गाडीत वळणावर स्प्रिंगा एका बाजूला दबतात, टायर दबतात, गुरुत्वमध्य बाहेर झुकतो आणि प्रत्यक्ष मर्यादा आणखी खाली येते.

कोरड्या सपाट रस्त्यावर बहुतेक वेळा गाडी उलटण्याआधी टायर घसरतात. धोका येतो तो घसरणारे चाक कशाला तरी अडल्यावर. रस्त्याकडेचा कठडा, मऊ माती, चर. धावता धावता पायाला ठेच लागली, की आपण तोंडघशी पडतो, तसेच हे.

शेजारी आणि समोरचे

येथवरचा धोका मालकाचा होता. पण रस्ता एकट्याचा नसतो.

पिकअपचे पुढचे टोक कारखान्यातूनच थोडे खाली ठेवलेले असते. हौद्यात माल भरला, की मागची बाजू दबते आणि गाडी समतल होते, हा त्यामागचा विचार. पुष्कळ नवशिके स्वस्तात काम उरकण्यासाठी फक्त पुढचा भाग पाच सेंटिमीटर उचलतात. गाडीची लांबी चाकापासून चाकापर्यंत ३६० सेंटिमीटर. म्हणजे दिव्याचा झोत ३६० ला ५ या प्रमाणात वर वळला. ५० मीटरवर तो पूर्वीपेक्षा सुमारे ७० सेंटिमीटर वर पडेल, थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत. गाडी उंच केल्यावर दिव्यांची दिशा पुन्हा लावणे ही म्हणूनच शोभेची बाब नाही.

तशीच गोष्ट बंपरची. अमेरिकेत लहान मोटारींच्या बंपरची चाचणी जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात होते. उंच गाडीचा बंपर त्याच्या वरून जातो. टक्कर झाली तर बंपर बंपरला न भिडता लहान मोटारीच्या पत्र्याला, काचेला भिडतो.

आणि एक समरूप त्रिकोणांचे उदाहरण. चालकाचे डोळे जमिनीपासून १.७ मीटरवर, बॉनेटची पुढची कड १.२ मीटरवर, दोहोंतील आडवे अंतर १.९ मीटर. कडेवरून जाणारी दृष्टिरेषा जमिनीला कोठे मिळेल? गाडीपुढे सुमारे ४.६ मीटरवर. एक मीटर उंचीचे मूल गाडीसमोर ७६ सेंटिमीटरच्या आत उभे असेल, तर चालकाला ते मुळीच दिसणार नाही. गाडी साडेसात सेंटिमीटर उंच केली, की हे अंतर १ मीटर ५ सेंटिमीटर होते. आकृती काढून स्वतः पडताळून पाहा. घराच्या दारात उभ्या असलेल्या गाडीसमोर कोण खेळत असते, हे तुम्हाला सांगायला नको.

अमेरिकेत गाडी किती उंच करता येते, याचे नियम राज्याराज्यांत वेगवेगळे आहेत. आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. पुष्कळांना हा नियम जाचक वाटतो. वरचे पाच धडे वाचल्यावर तो का केला असावा, याचा तुम्हीच विचार करा.

करून पाहा

खरी गाडी उचलायला जाऊ नका. त्याऐवजी तीन रिकाम्या काड्यापेट्या घ्या. त्यांत वाळू भरून बंद करा. एक गुळगुळीत फळी घ्या आणि तिच्यावर आडवी एक आगकाडी डिंकाने चिकटवा. गुल आधी खुडून टाका. हा झाला रस्त्याचा कठडा.

आधी कठड्यापासून दूर, दोन पेट्या एकावर एक रबराने बांधून फळीवर आडव्या ठेवा. पेटीची लांब बाजू कठड्याला समांतर हवी. फळीचे एक टोक हळूहळू उचला, कठडा उताराच्या बाजूला राहू द्या. पेट्या बहुधा उलटण्याऐवजी घसरतील. आता त्या कठड्याला टेकवून ठेवा आणि फळी पुन्हा उचला. या वेळी त्या घसरणार नाहीत, उलटतील. उलटल्या त्या क्षणी फळीचे उचललेले टोक किती उंच होते आणि तळाचे आडवे अंतर किती होते ते मोजा. उंचीला आडव्या अंतराने भागा. आलेली संख्या आणि पेटीच्या रुंदीला दोन पेट्यांच्या एकूण उंचीने भागून आलेली संख्या जवळजवळ सारखी येते का?

मग तिसरी पेटी वर चढवा आणि पुन्हा करा. पेटीची रुंदी ३.५ आणि जाडी १.५ सेंटिमीटर असेल, तर दोन पेट्या सुमारे ४९ अंशांना आणि तीन पेट्या सुमारे ३८ अंशांना उलटतील. रुंदी तीच, फक्त उंची वाढली.

शिक्षकांसाठी सूचना : आठवी-नववीच्या वर्गात हा प्रयोग एका तासात होतो. गटागटाने आकडे फळ्यावर लिहून घ्यावेत आणि मगच सूत्र सांगावे. एका गटाने वरच्या पेटीवर नाणे बांधावे, दुसऱ्याने तेच नाणे खालच्या पेटीखाली बांधावे. पेट्यांचा आकार तोच असूनही उलटण्याचा कोन का बदलला, हे मुलांना विचारावे.

आता आपल्या नवशिक्याकडे परत जाऊ. त्याने जॅकचा दांडा साठ वेळा दाबला, तेव्हा त्याला कळले होते की बल मिळवायचे तर अंतर द्यावे लागते. गाडीच्या उंचीलाही तोच न्याय लागू आहे. उंची मिळवली, तर स्थैर्य द्यावे लागते, दृष्टी द्यावी लागते, ब्रेकच्या नळीपासून दिव्यापर्यंत प्रत्येक वस्तू पुन्हा मोजून लावावी लागते. हा हिशोब वहीत आधी मांडून मग पाना उचलणारा माणूस नवशिका असला, तरी शहाणा म्हणायचा. आणि हिशोब मांडल्यावर ते खोके तसेच परत पाठवणारा कदाचित अधिकच शहाणा.